गाडीची खोली

काशीदच्या मागे डोंगराला टेकून जी वाडी आहे, तिथली माणसं पावसाळ्यात ओल्या भिंतीला पाठ लावून झोपतात. खरीखुरी कोरडी अशी एकच खोली सगळ्या वाडीत होती. ती हर्षदच्या घरात होती आणि तिच्यात मोटरसायकल राहायची.

मृगाच्या आधी हर्षद तिला आत घ्यायचा. "खारा वारा लोखंड खातो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. वारा खारा होता हे खरं, पण तो काय फक्त मोटरसायकलीवर टपून बसला होता? त्याच्या बायकोची, सुचिताची, शिलाई मशीनही लोखंडाचीच होती. ती पडवीत. ताडपत्री कितीही घट्ट बांधली तरी पावसाची झड आत यायचीच. कापडावर बुरशीचे ठिपके उठायचे, चाक करकरायचं, आणि गिऱ्हाईक बायका ब्लाऊज नाकाशी नेऊन विचारायच्या, "वास कसला गं येतो?" कोरड्या खोलीत बसून शिवला असता तर कसलाच आला नसता. पण खोलीत महाराणी निजल्या होत्या.

निजवायचा थाट तर विचारू नका. मोबाइलवर कुणा शहाण्याचा व्हिडिओ बघून हर्षद सगळं करायचा. टाकी गळ्यापर्यंत भरायची, साखळीला ग्रीस थापायचं, सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबायचं. मग प्लास्टिक, प्लास्टिकवर चादर, चादरीवर पुन्हा प्लास्टिक, आणि आत कापराच्या वड्या. सुचिताचे सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हासुद्धा घरातून एवढी पांघरुणं निघाली नव्हती. आणि हे सगळं करून झालं की दसऱ्यापर्यंत तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही. रोज कंपनीच्या बसनं पाळीवर जायचं आणि बसमध्ये लोकांना सांगायचं, की गाडी ठेवावी तर आपल्यासारखी.

सुचिता माणगावची. बाजारपेठेत वाढलेली, त्यामुळे तिच्या तोंडाला कुलूप नाही हे सासरी पहिल्या महिन्यातच ठरून गेलं होतं. पण तिला मशीन कळायची. मशीन नुसती ठेवली की आखडते, हे शिलाईच्या क्लासात पहिल्याच दिवशी शिकवतात. ज्याच्या डोक्यात एवढंही शिरत नाही, तो गाडी मिरवतो कशाला, असं तिला दरवर्षी वाटायचं. यंदा आषाढात एका दुपारी तिचा पारा चढला. दिवे गेले होते, हातातलं अस्तर ओलं झालं होतं. ती तरातरा खोलीत गेली आणि सायलेन्सरमधल्या फडक्यासकट सगळी पांघरुणं ओढून काढली. प्रेमानं नव्हे, चिडून. एवढं हिच्यात आहे तरी काय, ते तिला बघायचं होतं.

पहिल्या दिवशी किक मारताना नडगी सोलवटून निघाली आणि खोलीभर पेट्रोलचा वास सुटला. दुसऱ्या खेपेला तिच्या लक्षात आलं. हर्षद चोक ओढायचा तो विहिरीचा दोर ओढावा तसा, पुरा. वर गाडी चालू व्हायच्या आधीच ॲक्सिलेटर पिळायचा. मग पेट्रोलनं गाडीचा गळा भरून यायचा आणि ती मुकी व्हायची. सुचितानं चोक निम्माच ओढला, ॲक्सिलेटरला हात लावला नाही, सावकाश किक दाबली आणि गाडी बोलली. ती एकटीच हसली. इतकी सोपी गोष्ट, आणि त्यासाठी हा माणूस दर दसऱ्याला अर्धा दिवस घाम गाळतो!

त्यानंतर दर आठवड्याला, हर्षद कामावर गेला की ती दारं उघडून गाडी चालू करायची, थोडा वेळ ठेवायची, बंद करायची आणि फडकं, पांघरुणं होती तशी घालायची. पत्र्यावरच्या पावसात वाडीला काही ऐकू जायचं नाही. पलीकडे तांदूळ निवडत बसलेल्या सासूला, सोनाबाईला, मात्र जायचं. तीही पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली, "बाय, धूर चुलीकडं येतोय. मागलं दार उघड." पुढे तिनं विषय काढला नाही.

नवरात्र बसायच्या सुमाराला चौलची एक बाई आली आणि तिनं लेकीच्या लग्नाचे ब्लाऊज सुचिताच्या पुढ्यात टाकले. मशीनच्या गंजाचा डाग पांढऱ्या अस्तराला लागला होता. बाई ओरडली नाही, नुसती म्हणाली, "तुझं काम चांगलं हाय म्हणून इतक्या लांबून आलो होतो." ते सुचिताच्या फार जिव्हारी लागलं. तिनं हर्षदला गाठलं आणि खोली मागितली.

"आणि गाडी काय पडवीत लावू?" हर्षद म्हणाला. "तुला गाडीतलं काय कळतं?"

यावर सांगण्यासारखं सुचिताकडे खूप होतं, पण तिनं ते गिळलं. त्यापेक्षा बरी गोष्ट तिला सुचली होती. ती म्हणाली, "ऐका. दसऱ्याला पूजेच्या आधी तुमची गाडी चालू झाली, तर खोली तिची. मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही झाली, तर खोली माझी. कायमची."

"एका किकमध्ये होते बघ," हर्षद म्हणाला. आदल्या वर्षी ती चालू व्हायला दुपार झाली होती आणि त्यानं दोष दिला होता हवामानाला, त्याच्या आदल्या वर्षी पेट्रोल पंपाला. सोनाबाईनं दोघांना समोर बसवून बजावलं, "मागनं शब्द फिरवायचा न्हाय."

गाडी ठणठणीत होती हे सुचिताला ठाऊक होतं. तिचा भरवसा गाडीच्या बिघाडावर नव्हताच, हर्षदच्या अडाणीपणावर होता. आणि त्या बाबतीत हर्षदनं तिला आजवर कधी दगा दिला नव्हता.

दसऱ्याला सकाळीच अंगण सारवून झालं. कोयता, विळे, पहार धुऊन पाटावर मांडली, शेजारी शिलाई मशीन. झेंडूचे हार परातीत ठेवले. सोनाबाईचं ताट तयार होतं, पण सूर्य माडाच्या झापांवर आल्याशिवाय ती दिवा लावायची नाही. हर्षद काळा चष्मा लावून बाहेर आला. अंगणात कुणाच्या डोळ्यांवर ऊन येत होतं कोण जाणे. त्यानं गाडी ढकलत आणली, एकेक पांघरूण काढलं, सायलेन्सरमधलं फडकं उपसलं आणि चोक ओढला. पुरा.

सुचिता उंबऱ्यावर बसून ब्लाऊजला हुक लावत होती. तिनं मान वर केली नाही.

पहिल्या किकला काही झालं नाही. दुसऱ्याला नाही. मग हर्षदनं ॲक्सिलेटर पिळला आणि अशा लाथा घालायला सुरुवात केली, की म्हैस असती तर दावं तोडून गेली असती. आवाज ऐकून वाडी जमली. आपल्याकडे कुणाचं लग्न मोडलं तर माणसं पाय न वाजवता निघून जातात, पण गाडी बंद पडली तर हातातलं काम टाकून येतात. सदा आला. तो काशीदला पर्यटकांची सहा आसनी रिक्षा चालवायचा आणि ती रिक्षा खोपोलीचा गॅरेजवाला दुरुस्त करायचा.

"प्लग गेला," सदा म्हणाला.

"पेट्रोल शिळं झालंय," म्हातारा रघू म्हणाला. रघूनं जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती. "गाडी आडवी करा, म्हंजे घशातलं उतरंल."

गाडी आडवी केली. उभी केली. हलवली. सदानं टाकीवर कान ठेवला. तो काय ऐकत होता ते त्यालाच माहीत. सूर्य माडावर चढत चालला होता. हर्षदचा शर्ट पाठीला चिकटला, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. सुचिताला मनातून गुदगुल्या होत होत्या. खिडकीजवळ मशीन, भिंतीला कापडाचं कपाट, आरसा दाराशी. तिनं खोली मनात मांडूनही टाकली होती. नुसतं गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात हर्षद थांबला. लोक हसायला लागलेत हे त्याला दिसत होतं. त्यानं चष्मा काढला आणि मोठ्यानं म्हणाला, "कुणीतरी हात लावलाय गाडीला. खोलीत हिचीच ये-जा असते. बाईमाणसाचा हात लागला की मशीन बिघडतेच."

"ते तर हायच, दादा," सदा म्हणाला आणि हसला. रघूनं मान डोलावली. ज्याच्या सदऱ्याच्या गळ्याचं बटण सुचितानं परवाच फुकट लावून दिलं होतं, तो रघू.

गप्प बस, सुचितानं स्वतःला सांगितलं. सूर्य झापांपाशी आलाच आहे. थोडी कळ काढ, खोली तुझी. तिनं खरोखरच दातांखाली जीभ धरली. सदाचं हसणं संपेपर्यंत ती जीभ तिथं राहिली, आणि मग राहिना.

तिनं हातातला ब्लाऊज बाजूला ठेवला, पदर खोचला आणि अंगणात उतरली. "सरका."

"अगं ए, काय करतेस?"

तिनं गाडीची चावी काढून घेतली, चोक खाली पाडला, ॲक्सिलेटर उघडा धरून थोड्या रिकाम्या किका मारल्या. गळ्याशी आलेलं पेट्रोल उतरू दिलं. मग चावी लावली, किक अडेल तिथपर्यंत सावकाश दाबली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. गाडी धडधडून चालू झाली. कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या.

"आषाढापासून हिला मी चालू करतेय," सुचिता त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली. "बाईमाणसाच्या हातानं जिवंत राहिलीय ही. विचारा आईंना!"

सगळ्यांनी सोनाबाईकडे बघितलं. "धूर मी खाल्लाय," सोनाबाई म्हणाली.

हर्षदचा चेहरा बघण्यासारखा झाला होता आणि सुचितानं तो पोटभर बघून घेतला. सदा आपल्या चपला बघत होता. लग्न झाल्यापासून इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं. मग हर्षदची नजर सोनाबाईच्या ताटाकडे गेली. निरांजन अजून लावलेलं नव्हतं.

"आये, पूजा झाली?"

"न्हाय अजून."

"आणि गाडी चालू हाय ना?" त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. "मग खोली गाडीची!"

"चालू मी केली!" सुचिता म्हणाली.

"चालू झाली तर, असं बोलली होतीस. कुणी करायची ते कुठं बोलली होतीस?"

वर्षभर बंद असलेलं याचं डोकं नेमकं आज, या क्षणी चाललं. पुरुष तर मॅच जिंकल्यासारखे ओरडले. सदानं गाडीचा हार उचलून हर्षदच्याच गळ्यात घातला. निर्लज्ज मेले. सुचितानं सासूकडे बघितलं.

"शब्द तसाच होता, बाय," सोनाबाई म्हणाली आणि तिनं निरांजन लावलं.

पूजा झाली. गाडीला कुंकू लागलं, मशीनला लागलं. सुचिता आत येऊन पुऱ्या लाटायला बसली. बाहेर हर्षदनं फोटोसाठी गाडी बंद केली होती आणि आता ती पुन्हा चालू होत नव्हती. "सुचिता, अगं जरा बाहेर ये," त्यानं हाक मारली. मग पुन्हा मारली, जरा गोडीनं. सुचिता उठली नाही.

सोनाबाई कढईपाशी टेकली. "गप बसली असतीस तर खोली तुझी होती."

"गप्प बसले असते तर त्यांचं बोलणं खरं ठरलं असतं. सगळ्या वाडीपुढे."

"व्हय. नाक राहिलं तुझं." सोनाबाईनं एक पुरी उलटली. "आता पुढच्या पावसात मशीन त्या नाकावर ठेव."

सुचिताच्या डोळ्यांत पाणी आलं. राग हर्षदचा होता, सदाचा होता, सासूचाही होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. कारण उद्या पुन्हा तसंच झालं तरी आपण पुन्हा उठून किक मारू, हे तिला पक्कं ठाऊक होतं.