ह्यांचा दुसरा आवाज

कोर्टाच्या व्हरांड्यात बाक होता, पण मला बसवेना. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की गुडघे कुरकुर करायचे. बाकाच्या एका टोकाला माझी थोरली मुलगी, ताई, दुसऱ्या टोकाला धाकटा. दोघं माझ्याच पोटची, पण महिनोन्‌महिने एकमेकांशी बोलली नव्हती.

भांडण आमच्या सलूनचं. ह्यांनी ते उभं केलं आणि हात थरथरायला लागल्यावर ताईने चालवलं. सही करणं ह्यांना जमेना, म्हणून जाण्याआधी त्यांनी आपलं म्हणणं ताईच्या फोनमध्ये बोलून ठेवलं. धाकट्याला दुकान विकून आपला वाटा हवा होता. विकलं तर ताईची खुर्ची रस्त्यावर.

आत गेल्यावर न्यायाधीशबाईंनी आधी ताईच्या फोनमधला आवाज लावायला सांगितला. मागे कात्रीची किचकिच. बोलताना हे रिकामी कात्री हवेत चालवायचे, खोडच होती ती.

"दुकान ताईचं. धाकट्याला देऊ नका. गिऱ्हाईक मान वाकवून बसलेलं असतं आणि हा आरशात स्वतःचा भांग बघतो. गाढवाला गुळाची चव काय."

कोणीतरी फिसकन हसलं. धाकटा खाली बघत राहिला.

मग त्याचे वकील उठले. हल्ली यंत्राला एखाद्याचं थोडं बोलणं ऐकवलं की ते त्याच्याच आवाजात हवं ते बोलून दाखवतं, असं त्यांनी सांगितलं. नुसतं सांगून थांबले नाहीत. धाकट्याच्या फोनमधले वडिलांचे जुने निरोप घेऊन त्यांनी एक आवाज तयार करून आणला होता. हा बनवलेला आहे हे आधीच सांगतो, म्हणाले, आणि बटण दाबलं.

"पोरा, तू मनाने चांगला आहेस. तुझ्या हातात कला आहे. दुकान मी तुझ्या भरवशावर सोडून चाललो."

मी समोरच्या बाकाची कड घट्ट धरली. हेच. तोच घोगरेपणा, वाक्याआधीचं तेच खाकरणं. कात्रीसुद्धा वाजत होती. खोटं आहे हे ठाऊक असूनही माझ्या तोंडून "अहो" निघून गेलं.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून ठेवला. खोटी सही ओळखायची कशी हे कायद्याला फार वर्षांपासून माहीत आहे, आवाजाचं अजून नीट काही ठरलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. तपासणाऱ्या तज्ज्ञानेही छातीठोक सांगता येत नाही म्हणून लिहून दिलं होतं. ताईचा चेहरा उतरला. हिच्याजवळचं खरं होतं, पण ते खरं आहे हे दाखवायचं कसं?

एवढ्यात धाकटा उभा राहिला. वकिलांनी त्याची बाही ओढली, त्याने सोडवून घेतली.

"बाई, पहिला आवाज बाबांचाच आहे."

"कशावरून?"

"त्यात मला गाढव म्हटलंय."

ह्या वेळी कोणी हसलं नाही.

"वकीलसाहेबांनी बाबांच्या तोंडी शाबासकी घातली," वकिलांकडे न बघता तो म्हणाला. "बाबांना ती येतच नव्हती."

हे विधान तुमच्याच विरुद्ध जातं, कळतंय ना, असं बाईंनी दोनदा विचारलं. कळतंय, म्हणाला. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि दुकान ताईकडे राहील हे तिथेच जवळजवळ ठरलं.

बाहेर आल्यावर ताईने पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली. मग दोघं बाकाच्या एकाच टोकाला बसली.

मला वाटलं, आता जिवाला स्वस्थता मिळेल. तेवढ्यात धाकट्याने जाणाऱ्या वकिलांना थांबवून तो दुसरा आवाज आपल्या फोनवर मागून घेतला.

"कशाला रे? पुसून टाक तो," मी म्हणाले.

"असू दे, आई. खोटा आहे, माहितीये मला."

फोन कानाला लावून तो व्हरांड्यात येरझारा घालू लागला. संपलं की पुन्हा पहिल्यापासून लावायचा. ह्यांचं ते खाकरणं माझ्यापर्यंत पुसट ऐकू यायचं. उद्या माझी आठवण विरळ झाली तर ह्यांचं कुठलं बोलणं खरं नि कुठलं बनवलेलं, हे मला सांगता येईल का, हा विचार मनात आला. मी तोंड फिरवलं, दूर जायला म्हणून उठले. पण पाय निघाले ते धाकट्याच्याच मागे, तो वळेल तसे वळत.