कोरं रजिस्टर

कॅरिबियन समुद्रातल्या साबा बेटावरचं जन्माच्या नोंदींचं रजिस्टर माझ्या ताब्यात आहे, आणि गेल्या अकरा वर्षांत मी त्यात एकही ओळ लिहिलेली नाही. बाळंतपणं इथं होतच नाहीत. आठवा महिना सरला की बाईनं विमानात बसायचं आणि पंधरा मिनिटांवरच्या सिंट मार्टेनला जाऊन दिवस भरायची वाट बघायची. राजा दोन्हीकडे एकच, हॉलंडचा. पण आमचा कारभार थेट हॉलंडच्या सरकारकडून, हेगहून चालतो आणि सिंट मार्टेन हा वेगळा देश. म्हणजे पोर तिथल्या कागदावर जन्मतं आणि पाहुण्यासारखं आपल्याच घरी येतं. मरायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही, मृत्यूचं रजिस्टर बघा कसं भरलंय, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायची.

ती थट्टा रुथलिनच्या डोक्यात घर करून बसेल, असं वाटलं नव्हतं.

रुथलिन माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. पहिल्या खेपेला तिकडे तिचं पोट फाडून मूल काढलं. त्याआधी चार आठवडे ती भाड्याच्या खोलीत एकटी. नवरा इकडे बोटीवर, शेवंडांच्या पिंजऱ्यांमागे. खोलीचे पैसे हेगनं दिले, तक्रार करावी असं काही नव्हतं. पण परत आली ती गप्प होऊनच.

त्या मंगळवारी साडेअकराला ती कचेरीत आली आणि राजाच्या तसबिरीखालच्या बाकावर बसली. वारा सकाळपासून चढत होता. बाराचं विमान शेवटचं, उद्या एकही उतरणार नाही, असं विमानतळावरून कळवलं होतं.

"मावशी, पहाटेपासून दुखतंय," ती म्हणाली.

मला काही समजेना. डॉक्टरांच्या हिशेबानं अजून पाच आठवडे होते. तिनंच सांगितलं मग. डॉक्टर यॉरिट हॉलंडहून नवीन आलेले, भला माणूस. त्यांना तिनं थाप मारून तीन आठवडे कमी सांगितले होते. सहाव्या महिन्यापर्यंत ती त्यांच्याकडे फिरकलीच नव्हती, तेव्हा त्यांना तरी कळणार कसं? आता माझ्याकडून तिला फक्त अर्धा तास हवा होता. विमान गेलं की काय ते इथंच करावं लागेल.

मी म्हटलं, इथं सर्जन नाही, रक्ताची पिशवी नाही, आणि तुझं पोट एकदा फाडलेलं आहे. ते सगळं तिला ठाऊक होतं.

"तिकडच्या कारकुनानं पोरीचं नाव लिहिताना माझ्या नावापुढं काय लिहिलं, माहितीये? बाहेरची." तिनं बाकाची कड घट्ट धरली. "पंधरा मिनिटांत मी बाहेरची झाले. तुझ्या रजिस्टरात लिही ना याला. तुलाही हवंच होतं की."

हवंच होतं. खोटं कशाला बोलू?

घड्याळात अकरा चाळीस. पुढची कळ आली तेव्हा तिनं ओठ मिटले आणि एक हात ओटीपोटावर, बरोबर जुन्या टाक्यांवर दाबला. कळ गेली, तरी हात तिथून हलला नाही.

"तिथंच दुखतंय?"

तिनं झटकन हात काढून घेतला. मी फोन उचलला.

"मावशी, फोन ठेव."

आधी डॉक्टरांना लावला, मग विमानतळावर काम करणाऱ्या चुलतबहिणीला, मेल्विनाला. ती म्हणाली, वैमानिक तिकडचा असला तरी दहा मिनिटं थांबेल, पण वारा काही आपला नातेवाईक नाही. वळणावळणाच्या रस्त्यावरून मी जीप अशी हाकली की एरवी माझा परवाना गेला असता. रुथलिन शेजारी दात आवळून बसलेली.

विमानतळावर डॉक्टर आधीच पोचले होते. त्यांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "किती आठवडे? खरं सांगा."



"अडतीस," मी म्हटलं.

ते तिच्याबरोबर विमानात चढले. पायरीवर तिनं मागं वळून पाहिलं. "तूसुद्धा हेगचीच निघालीस," एवढंच म्हणाली.

आमची धावपट्टी कड्यावर संपते. विमान शेवटी जरा खाली जातं आणि मग वर उचललं जातं. जन्मभर बघत आले. त्या दिवशी मात्र डोळे मिटले.

तीनला डॉक्टरांचा फोन आला. मुलगा. जुना व्रण उसवायला लागला होता. आणखी उशीर झाला असता तर, असं म्हणून ते थांबले. मी रुथलिनला फोन द्या म्हटलं. ती घेईना.

पाचव्या आठवड्यात ती परतली. मी न्यायला गेले, पण ती नवऱ्याच्या गाडीत बसून निघून गेली. संध्याकाळी मात्र दारात उभी: काखेत बाळ, हातात औषधाची छोटी डबी. डबीत कापसात गुंडाळलेली सुकी नाळ.

"आमच्या अंगणात नुसता खडक आहे," ती म्हणाली. "तुझ्याकडे माती आहे."

मी कुदळ आणली. पेरूखाली वीतभर माती, मग दगडच. बाळ तिनं माझ्याकडे दिलं नाही. मी दोनदा थांबले, दम लागला होता.

"अजून खोल," ती म्हणाली.

मी खणत राहिले.