एक ठिपका पलीकडे

तिने पुन्हा एकदा मान साबणाने घासली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि दार उघडलं. दारात सोसायटीचे अध्यक्ष उभे होते, हातात सफरचंदांची पिशवी घेऊन. त्यांच्यामागे त्यांची बायको होती. तिला सगळी इमारत काकू म्हणायची. आजाऱ्याला भेटायला यावं तसे दोघं आत आले आणि कोणी 'बसा' म्हणायच्या आत सोफ्यावर बसले.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला आमचा," अध्यक्ष म्हणाले.

चेहरा मात्र चांगला टवटवीत होता. दाढीसुद्धा ताजी केलेली.

काल संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातलं काम आटोपून ती घरी आली होती. पार्किंगमध्ये स्कूटर लावताना खांबाआडून एक माणूस आला, त्याने तिला मागून धरलं आणि तोंडावर हात दाबला. ती त्या हाताला कडकडून चावली, तेव्हा तो पळाला. त्या हाताची चव अजून तिच्या तोंडात होती. दात घासून घासून हिरड्या हुळहुळल्या, तरी जात नव्हती. नवरा कालच पोलिसांकडे जाऊ म्हणत होता. मग अध्यक्षांचा फोन आला आणि त्याचं 'सकाळी शांतपणे बघू' सुरू झालं.

"तक्रार करायचीच," अध्यक्ष म्हणाले. "आपण काही जुन्या वळणाची माणसं नाही. फक्त जागेचं तेवढं बघायचं."

"जागेचं काय?"

"मागची गल्ली सांगायची. भिंतीपलीकडे तर आहे. असं कितीसं अंतर आहे?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. पोलिसांनी शहरातल्या गुन्ह्यांचा नकाशा सगळ्यांसाठी खुला केल्यापासून सोसायटीला नवाच छंद लागला होता. दर महिन्याला ग्रुपवर नकाशाचा फोटो येई. त्यात आपली इमारत कोरी करकरीत, खाली 'पुन्हा एकदा शून्य!' आणि त्याच्याखाली टाळ्या वाजवणारे हात. कुंपणापलीकडची गॅरेजांची आणि भंगारवाल्यांची गल्ली मात्र गोवर उठल्यासारखी लाल ठिपक्यांची, गुन्ह्यागणिक एक. अंधार पडला की पार्सलवाले तिकडे फिरकेनासे झाले होते. त्या गल्लीतलं कोणी फाटकाशी आलं की वॉचमन हटकायचा. तिनेही कधीमधी टाळ्या पाठवल्या होत्या.

"एक ठिपका पडला की जागेचा भाव उतरतो. तुमचाही फ्लॅट आहेच ना इथे? मुलीसारख्या आहात म्हणून सांगतो."

"आणि पार्किंगचा कॅमेरा, काका? गल्ली सांगितली तर तो कोण बघणार? तो माणूस सापडणार कसा?"

"अहो, सापडतात कुठे ही माणसं!"

नवरा खिडकीचा पडदा सारखा करत होता. पडदा मुळात सारखाच होता.

"अगं, तक्रार तर होतेच आहे ना," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

तिला शिसारी आली. अध्यक्षांची आली यात नवल नव्हतं, त्यांचं बोलणं नेहमीच तुपाळ. पण नवऱ्याचीही आली, आणि ती कालच्यापेक्षा वाईट होती.

इतका वेळ गप्प बसलेल्या काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"त्यात काही नसतं गं," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "ते आपले लिहून घेतात. माझं पण तिकडचंच लिहिलंय."

"तू मध्ये बोलू नकोस," अध्यक्ष म्हणाले.

"तुमचं?" तिने विचारलं. "कुठे झालं होतं, काकू?"

काकूंनी जमिनीकडे बोट दाखवलं. "खालीच. गाडीतून भाजी काढत होते."

"मग?"

"मग गल्लीतल्या एका गॅरेजवाल्याला उचललं. मला विचारलं, हाच का? मी तोंड कुठे बघितलं होतं! पण हे म्हणाले, हलव मान, एकदाचं मिटेल. मी हलवली. सहा महिने आत होता तो."

हे सगळं त्यांनी दुधाचा हिशोब सांगावा तशा आवाजात सांगितलं, आणि मग आपण काय बोललो ते आपल्यालाच ऐकू आल्यासारख्या एकदम गप्प झाल्या.

तिने सफरचंदांची पिशवी उचलली, अध्यक्षांच्या मांडीवर ठेवली आणि चपला शोधायला लागली.

"थांब, मीपण येतो," नवरा म्हणाला.

"तू पडदा धर."

ती जिना उतरून फाटकाशी पोचली, तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. काकू होत्या, पर्स छातीशी धरून, धापा टाकत. दोघी चालत राहिल्या.

चौकीत हवालदार संगणकापुढे बसला होता. त्याने नाव विचारलं, वय विचारलं, मग जागा विचारली. तिने सोसायटीचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "खालचं पार्किंग." त्याची बोटं थांबली.

"ताई, तिथे असलं काही होत नाही हो." त्याने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. नकाशा उघडलेलाच होता. "बघा ना, एक ठिपका नाही. अंधारात गोंधळ होतो माणसाचा. मागच्या गल्लीत झालं असेल."

काकूंनी पर्स धाडकन टेबलावर ठेवली.

"तिथेच झालंय," त्या म्हणाल्या. "एक नाही, दोन लिहा. आणि गल्लीतला एक पुसा. तो माझा आहे."

हवालदाराने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा नकाशाकडे.

"पुसायची सोय नाही, काकू, यात."

काकूंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"मग सोय होईपर्यंत बसते," त्या म्हणाल्या.