पान दोनशे चौदावरची ओळ

मी एक जुनी प्रवास-मार्गदर्शिका आहे, पण आता अर्धीमुर्धीच उरले आहे. पुढचे नकाशे आहेत, मागचे शब्दार्थ आहेत. मधली पानं नाहीत, आणि पाठीच्या कण्यावर सुऱ्याचे तीन घाव आहेत. मित्रांनो, ही पानं कुठे गेली ते तुम्हाला सांगते. ऐकायला गोड नाही, पण जसं घडलं तसं सांगते.

आम्हा पुस्तकांचा जन्मच मुळी मारझोडीतून होतो. छापखान्यात पात्याने माझ्या तिन्ही कडा खचकन कापल्या, जाड सुयांनी मला शिवलं आणि पाठीवर उकळता डिंक ओतला. मला लिहिणारा गृहस्थ एक अवाढव्य परदेश पाच महिन्यांत पायाखाली घालून आला होता. वाटेत एका गावात त्याचा कॅमेरा हरवला. दात-ओठ खात त्याने वहीत एक ओळ खरडली : 'स्टँडसमोरचं पिवळं लॉज टाळा. मालक चोर आहे.' ती ओळ माझ्या दोनशे चौदाव्या पानावर छापली गेली. खरी की खोटी, ते मी कुणाला विचारणार? एकदा शाई लागली की आम्हाला आमचं सगळंच खरं वाटतं.

मला विकत घेतलं एका वहिनीने. ती शिवणकाम करायची. तिची नणंद तीस वर्षं इस्पितळात नर्स होती, तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. दोघींनी पाठीवर पिशव्या अडकवून तो देश पालथा घालायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. वहिनीचा नवरा म्हणाला, "घरातल्या घरात तुमचं दोघींचं पटत नाही, परक्या देशात काय होणार?"

"परक्या देशात भांडलं तर कुणाला कळणार नाही," नणंद म्हणाली. झालं, दोघी निघाल्या.

मित्रांनो, थोडी स्वतःची स्तुती करते. त्या देशात एक आगगाडी मध्येच तुटून दोन दिशांना जाते. पुढचे डबे उत्तरेला, मागचे समुद्राकडे. हे मी सांगितलं म्हणून दोघी योग्य डब्यात बसल्या. उंच डोंगरावर पहिल्या दिवशी धावपळ करू नका, हेही मीच सांगितलं. न ऐकणारे दोघे-चौघे पायऱ्यांवर ओकत बसले होते. कुठलं पाणी उकळून घ्यायचं, कुठल्या नदीवर शेवटची होडी चारला सुटते, सगळं माझ्या पोटात होतं. शिवाय वहिनीने मला पाच झुरळांवर, एका विंचवावर आणि एका पिसाळल्यासारख्या कुत्र्याच्या नाकावर आपटलं. तिथेही मी कमी पडले नाही.

तिसाव्या दिवशी, भर दुपारी, आम्ही त्या गावाच्या स्टँडवर उतरलो. समोरच पिवळं लॉज होतं. दाराशी धुतलेल्या चादरी वाळत होत्या. पायरीवर उभा असलेला मध्यम वयाचा माणूस दोघींना बघून हसला आणि हाताने 'या' म्हणाला. वहिनीने मला उघडलं, दोनशे चौदावं पान वाचलं आणि मान फिरवली. त्या माणसाचं हसू विझलं. मी ते पाहिलं.

तेवढ्यात मागून ओरडा झाला. आमच्याच गाडीतून आलेला एक दांडगा तरुण आपली पाठपिशवी शोधत होता. तोही आपल्याच देशातला. त्याच्या हातात माझीच सख्खी बहीण होती, एकाच दिवशी, एकाच पात्याखाली कापलेली. त्याने तिची पानं उलटली, बोट ठेवलं आणि आमच्याकडे बघून गरजला, "हे बघा! स्पष्ट लिहिलंय! मालक चोर आहे!"

मग त्याने शेवटची पानं काढली. 'अडचणीच्या वेळी' असं एक सदर आमच्यात आहे. त्यातले तिथल्या भाषेतले शब्द त्याने बेंबीच्या देठापासून ओरडले : "चोर! चोर!"

परक्या तोंडून आलेला तो शब्द सगळ्या चौकाला कळला. पंक्चरवाला लोखंडी पहार घेऊन आला. खाटीक आला. कुणाचं लॉजवाल्याशी जुनं वैर असेल, कुणाचं काहीच नसेल, पण हात सगळ्यांनी धुऊन घेतले. लॉजवाल्याला कॉलर धरून पायरीवरून खेचलं. तो काहीतरी समजावत होता. पहिली लाथ पोटात बसली आणि त्याचं बोलणं थांबलं. दुसरी बसली तेव्हा बरगडी मोडल्याचा आवाज मला वहिनीच्या हातात ऐकू आला. वाळत घातलेल्या चादरी त्यांच्या दोऱ्यांसकट खाली आल्या आणि तो त्यांच्यात गुरफटला. पांढरं कापड भराभर लाल होत गेलं.

"वहिनी, धर ही पिशवी," नणंद म्हणाली.

"वन्सं, जाऊ नका! पुस्तकातच लिहिलंय, तो चोर आहे म्हणून."

"लिहिलंय म्हणून मारून टाकायचा?"

ती घुसली. कुणाचं तरी कोपर तिच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला. तरी ती तरुणापर्यंत पोचली. तो त्या वेळी माझ्या बहिणीला दोन्ही हातांत धरून लॉजवाल्याच्या तोंडावर हाणत होता. आमची पुठ्ठ्याची बांधणी फार टिकाऊ आहे, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. ते खरं आहे. तिचा टोकदार कोपरा त्या माणसाच्या डाव्या डोळ्यात गेला.

नणंदेने तरुणाचा अंगठा धरला आणि मागे वळवला. वाताच्या भरातल्या रोग्यांना आवरायची तिची ती जुनी रीत. तो किंचाळून खाली बसला. पण पहार अजून वर होती.

इकडे वहिनी माझी मागची पानं उलटत होती. 'खोली केवढ्याला?' 'हे फार महाग आहे.' 'पाणी उकळलेलं आहे का?' 'चोर! चोर!' मित्रांनो, माझ्यात साडेचारशे वाक्यं आहेत. 'मारू नका' हे वाक्य नाही. छापताना कुणालाच त्याची गरज वाटली नव्हती. त्या दुपारी मला स्वतःची जितकी लाज वाटली, तितकी पुढे कधीच वाटली नाही.

शेवटी 'कुटुंब आणि ओळख' या सदरात तिला एक वाक्य सापडलं. ती धावत गेली, त्या रक्ताळलेल्या चादरींवर आडवी पडली आणि मला डोळ्यांसमोर धरून, अक्षर अक्षर लावत तिथल्या भाषेत ओरडली, "हा माझा भाऊ आहे!"

पंक्चरवाला थबकला. त्याने काहीतरी विचारलं. तिला एक अक्षर कळलं नाही. तिने पुढचं वाक्य वाचलं, "आम्ही एका घरात राहतो." आणि पुन्हा, "हा माझा भाऊ आहे. हा माझा भाऊ आहे."

हे खोटं आहे, हे चौकातल्या पोराटोरांनाही कळत होतं. पण परमुलखातली एक बाई त्यांच्या शेजाऱ्याला भाऊ म्हणत त्याच्या अंगावर पडली आहे, हे बघून पहार खाली आली. खाटकाने हात पुसले. एकेक जण असा निघून गेला, जणू तो तिथे नव्हताच.

दोन तासांनी आमची गाडी धुऊन परत आली. वाहकाने मागच्या सीटखालून तरुणाची पाठपिशवी काढून त्याच्या हातात दिली. तो पांढराफटक पडला. "मला काय माहीत?" तो म्हणाला. "पुस्तकात तसंच होतं." पुढची गाडी पकडून तो गेला. त्याचं कुणी काही केलं नाही.

लॉजवाला वाचला, पण डोळा गेला. दोघी त्याच पिवळ्या लॉजमध्ये अकरा दिवस राहिल्या. नणंद त्याच्या जखमा बांधायची, वहिनी त्याच्या मुलीला स्वयंपाकात मदत करायची. मुलगी तिशीची, कमी बोलणारी. लॉजवाल्याला आणि तिला पूर्वी उतरणाऱ्या प्रवाशांकडून ऐकून आपली भाषा तोडकीमोडकी यायची. आठव्या दिवशी त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "यात माझं काय आहे?"

वहिनीने वाचून दाखवलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण तिने सांगितलं.

त्याने बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाला, "सात वर्षं लोक पायरीपर्यंत येतात. पुस्तक बघतात. जातात. मला वाटलं, रंग जुना. पुन्हा पिवळा दिला. मग वाटलं, चादरी. नव्या आणल्या. मग वाटलं, माझ्या मिशांना भितात." त्याने ओठावरून हात फिरवला. "मिशा काढल्या."

"आणि तो कॅमेरा?" नणंदेने विचारलं.

"हरवला खरा. मी पण शोधला. गटारात पण शोधला." तो कॅमेरा कुणी नेला, ते आजतागायत कुणालाच ठाऊक नाही.

त्याची मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली, मला उचललं, स्वयंपाकघरातल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवलं आणि मटण तोडायचा सुरा माझ्यावर घातला. एकदा, दोनदा, तीनदा. वहिनी पुढे झाली, पण नणंदेने तिचा दंड धरला. मधली पानं मुलीने मुठी भरभरून चुलीत घातली. दुखलं का, म्हणून विचाराल तर दुखलं. पण मी तिला दोष देत नाही.

पुढचे चाळीस दिवस दोघी उरलेल्या माझ्यावर आणि लोकांना विचारून विचारून फिरल्या. घरी येताच वहिनीने प्रकाशकाला तीन पानी पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं : सूचनेबद्दल आभार, पुढील आवृत्तीच्या वेळी विचार करू. पुढली आवृत्ती आली. मुखपृष्ठ नवं, कागद गुळगुळीत, आणि ती ओळ जशीच्या तशी. फक्त अक्षर थोडं ठळक केलं आहे.

म्हणून मित्रांनो, मला जपा, मला कव्हर घाला, असं मी म्हणणार नाही. माझं एवढंच मागणं आहे. माझ्या बहिणी अजून दुकानांत उभ्या आहेत, वाचनालयांत आहेत, कुणाकुणाच्या पाठपिशव्यांत आहेत. एखादी हाती लागली तर दोनशे चौदावं पान उघडा आणि ती ओळ खोडून टाका. शेजारी समासात लिहा : खोल्या स्वच्छ आहेत. मालक पायरीवर उभा असतो. त्याला डाव्या बाजूचं दिसत नाही, तेव्हा समोरून जा.