चष्म्यातला मोकळा रस्ता

सकाळी ऑफिसच्या फाटकापाशी चिमण्यानं माझा हात सोडवून घेतला. "इथून पुढे मी एकटा जातो. पस्तिशीचा घोडा झालोय, ताई. लोक हसतात."

चिमण्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. कुलपं दुरुस्त करतो. डोळे जवळजवळ गेलेले, पण बोटांची करामत अशी की कसलंही कुलूप हूं की चूं न करता उघडतं. नाकावर आमच्या कंपनीचा चष्मा होता. पुढे कॅमेरा, आत दोन इवले पडदे, आणि समोरचं सगळं मोठं, ठळक होऊन त्यावर दिसतं. चष्मा चढवल्यापासून स्वारी हवेतच होती. माझा जीव खालीवर होत होता, तरी मी "बरं" म्हटलं आणि जिना चढले.

वर माझ्या टेबलावर तसाच दुसरा चष्मा चाचणीसाठी अखंड चालू होता. त्याच्यासमोर टेबलफॅन ठेवलेला. चष्म्याला काय दिसतंय ते बाजूच्या मॉनिटरवर येतं. मी सहज तिकडे पाहिलं, तर मॉनिटरवरचा पंखा थांबलेला होता. खरा पंखा माझे केस उडवत होता आणि पडद्यावर त्याची पाती गप्प उभी होती. सगळे दिवे हिरवे, एकही तक्रार नाही.

हे कशानं झालं ते मला पाहताक्षणी कळलं होतं.

चष्म्यात चित्र तयार करणारी चिप वेगळी आणि ते पडद्यावर मांडणारा भाग वेगळा. कोणी कोणासाठी थांबायचं हे पूर्वी कर्नल, म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी, अंदाजानं ठरवायचा. मग सगळेच एकमेकांची तोंडं बघत बसायचे, चित्र अडखळायचं आणि चाचणीच्या वेळी चिमण्याला गरगरायचं. म्हणून मी नवा इंटरफेस, म्हणजे दोघांमधल्या देवाणघेवाणीचे नियम, लिहिला. अंदाज बंद. प्रत्येक चित्राबरोबर चिपनं एक फेन्स द्यायची, म्हणजे शब्द द्यायचा की पुरं झालं की सांगते. पडद्यानं तेवढ्यासाठीच थांबायचं. कर्नलचा एक कडक नियम आहे, दिलेला शब्द कधी ना कधी पुरा झालाच पाहिजे, नाहीतर वाट बघणारे ताटकळतात आणि सगळं यंत्रच ठप्प होतं. त्यामुळे चिप अडकली, तर थोडं थांबून कर्नल आपणच "झालं" म्हणून मोकळा होतो.

भांडण झालं ते इथं. माझं म्हणणं होतं, "झालं" आणि "नाद सोडला" यांना वेगवेगळ्या खुणा हव्यात, आणि दुसरी खूण आली की पडदा काळा करायचा. आमच्या टीमचे प्रमुख, ज्यांना आम्ही मास्तर म्हणतो, त्यांच्या होकाराशिवाय ड्रायव्हरमध्ये, म्हणजे चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक ओळ जात नाही. ते म्हणाले, "पडदा काळा झाला की गिऱ्हाईक घाबरतं. क्षणभर जुनं चित्र राहिलं तर कुणाचं काय जातं? दुसरी खूण पुढच्या खेपेला बघू." मी आकांडतांडव केलं आणि शेवटी ते म्हणाले तसं लिहून दिलं. क्षणभर म्हणे! इथं अखंड चालून तापलेली चिप कायमचीच अडकली होती, कर्नल प्रत्येक चित्राला "झालं, झालं" म्हणत होता आणि पडद्यावर तेच शिळं चित्र होतं.

खिडकीबाहेर सकाळचंच पण चटका देणारं ऊन होतं. चिमण्याच्या चष्म्यातही हाच ड्रायव्हर होता.

"मास्तर!" मी ओरडले. ते धावत आले, पंख्याकडे पाहिलं, मॉनिटरकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आत्ता बदलतो," ते म्हणाले. "छोटंसं काम आहे."

"तो रस्त्यात आहे, मास्तर!"

जिना उतरताना मी फोन लावला. घंटी वाजत राहिली. देवा, उचल रे. फाटकाबाहेर पडले तेव्हा उचलला.

"काय गं, लगेच चौकशी सुरू?"

"कुठे आहेस?"

"मोठ्या रस्त्याच्या कडेला. लख्ख दिसतंय! रस्ता अगदी मोकळा आहे. फक्त कानांना काहीतरी झालंय बघ, मघापासून गाड्यांचे आवाज येतायत."

"कानांचं ऐक! पाऊल टाकू नकोस. चष्मा बिघडलाय, काढ तो!"

"काहीतरीच काय! इतकं स्वच्छ तर मला लहानपणीही दिसलं नव्हतं."

"चिमण्या, तुझ्या पाया पडते, हलू नकोस."

"तूच केलास ना हा चष्मा?" तो हसत म्हणाला. मागे कर्कश हॉर्न वाजला आणि फोन कट झाला.

मी धावले. एका चपलेचा अंगठा तुटला, ती तिथेच टाकली. फळांच्या गाडीवर आदळले, गाडीवाल्यानं शिव्या घातल्या. मास्तरांना, चिपला, स्वतःला, मी सगळ्यांना मनातल्या मनात त्याहून वाईट शिव्या घालत होते. कोपरा वळताना डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

तो उभा होता. एक पाय फुटपाथवर, एक रस्त्यात. समोरून बस, टेम्पो, मोटारी नुसत्या सुसाट चालल्या होत्या. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, अगदी नाकासमोर. मला हुंदका आवरेना.

"ताई?" तो म्हणाला. "रडतेयस का? पण कुठे आहेस तू?"

मी त्याचा हात धरला. तो केवढा दचकला. त्याला मागे ओढून मी चष्म्याला हात घातला, तर त्यानं दोन्ही हातांनी तो घट्ट दाबून धरला. आता त्याला सगळं कळलं होतं.

"थोडा वेळ राहू दे ना गं," तो म्हणाला. पाठीमागून ट्रक गेला, त्याच्या वाऱ्यानं आमचे दोघांचे कपडे फडफडले. "किती छान मोकळा रस्ता आहे."