वैमानिकाचं डावं

विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये सगळे तिला वहिनी म्हणत, अगदी साहेबसुद्धा. खरी वहिनी ती एकट्या धाकट्याची. सासूबाई गेल्या तेव्हा हा दीर एवढासा होता. त्याचं नाक पुसण्यापासून अभ्यासापर्यंत सगळं हिनेच केलं. तो इथे मेकॅनिक म्हणून लागला, पहिल्याच दिवशी “वहिनी, पाना कुठंय?” असा ओरडला, आणि झालं! त्याआधी लोक तिला तपासनीसबाई म्हणायचे नि टरकून असायचे. टरकायचे अजूनही म्हणा. एक ढिला स्क्रू सापडला, तर ज्याने बसवला त्याची ती सगळ्यांदेखत बिनपाण्याने करायची.

त्या दिवशी धाकट्याने एका छोट्या विमानाच्या एलेरॉनच्या केबल बदलल्या. एलेरॉन म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या. वैमानिकाने हातातलं चक्र डावीकडे फिरवलं की डावी फळी वर जाते, उजवी खाली, आणि विमान डावीकडे कलतं. असलं काम एकाने करायचं आणि दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचं. शिवाय या हँगरचा आपला एक रिवाज होता. ज्याने काम केलं, त्याने चाचणीच्या उड्डाणात कॅप्टनशेजारी बसायचं. मग कशाला कोण हलगर्जीपणा करतोय!

धाकटा आत बसून चक्र फिरवत होता, वहिनी बाहेर. शेपटीमागे कुणीतरी भलीमोठी शिडी आडवी लावून ठेवलेली. ती कोण ढकलत बसणार? वहिनी विमानाच्या नाकासमोरच उभी राहिली.

“डावीकडे!” आतून आवाज आला.

“डावी वर, उजवी खाली. बरोबर!”

“उजवीकडे!”

“उजवी वर, डावी खाली. बरोबर! उतर आता, आत काय बिऱ्हाड करणारेस?”

आतून मान वळवून पंखाकडे बघावं, असं धाकट्याच्या मनातही आलं नाही. वहिनी बरोबर म्हणाली ना, मग संपलं. तिने शिक्का मारला आणि विमान बाहेर गेलं.

ती कॅन्टीनमध्ये चहा घेऊन बसली. समोर स्टोअरवाले काका होते.

“वहिनी, डाव्या गालाला ग्रीस लागलंय.”

तिने डावा गाल पुसला.

“अहो, तो नव्हे, हा!” काकांनी तिच्या उजव्या गालाकडे बोट केलं. “माझ्या बाजूने डावा.”

“वा रे वा! गाल माझा आणि डावं-उजवं तुमचं होय? आमच्याकडे डावं म्हणजे—”

‘वैमानिकाचं डावं’ असं ती म्हणणार होती. विमानाचं डावं-उजवं नेहमी आत बसलेल्या माणसाचं. शेपटीमागे उभं राहिलं की आपलं नि त्याचं एकच. आणि ती उभी होती समोर! तिच्या डाव्या हाताला जी फळी वर गेली, ती विमानाची उजवी होती. अगं बाई गं! केबल उलट्या जोडल्यात. कॅप्टन डावीकडे वळवेल आणि विमान उजवीकडे उलटेल. आणि आत धाकटा बसलाय.

चहा सांडला, खुर्ची पडली. वहिनी धावत हँगरमध्ये आली. टॉवरचा फोन साहेबांच्या टेबलावर होता, आणि साहेब तिथेच विमानाच्या मालकाशी गोड गोड बोलत बसले होते.

“विमान थांबवा! एलेरॉन उलटे आहेत!”

“अहो, हळू!” साहेबांनी फोनवर हात ठेवला. “आत्ता तुम्हीच शिक्का मारलात ना? थांबवलं आणि काही निघालं नाही तर? किंवा निघालं तर? दोन्हीकडून तुमचीच नोकरी जाईल, वहिनी.”

“खड्ड्यात गेली नोकरी! हात काढा!”

तिने हात काढायची वाट बघितलीच नाही. रिसीव्हर हिसकावला.

“टॉवर, आमचं चाचणीचं विमान थांबवा. कंट्रोल उलटे आहेत.”

“ते धावायला लागलंय,” पलीकडचा म्हणाला.

“मग ओरडा त्याला! थांबव म्हणावं, थांबव!”

हँगरच्या उघड्या दारातून धावपट्टी दिसत होती. इंजिनाचा आवाज चढत चालला होता. खरं तर कॅप्टननेही निघण्याआधी चक्र फिरवून फळ्या बघायच्या असतात; पण रोज बरोबर निघणारी गोष्ट माणूस किती डोळे फाडून बघणार? विमानाचं नाक उचलल्यासारखं झालं. वहिनीने दाराची कड घट्ट धरली. अरे थांब रे, थांब रे बाळा, एवढंच ती पुटपुटत होती.

नाक खाली आलं. चाकांखालून धूर निघाला. धावपट्टी संपता संपता विमान एकदाचं उभं राहिलं.

ते ओढून आणलं, तेव्हा कॅप्टन खाली उतरला. साहेबांनी आत बसून चक्र डावीकडे फिरवलं. धाकटा स्वतः शेपटीमागे जाऊन उभा राहिला. डावी फळी खाली गेली. तो तिथेच जमिनीवर बसला.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “केबल मी जोडल्या. वहिनीला काही बोलू नका.”

“गप्प बस!” वहिनी कडाडली, पण आवाज फाटला. “तुझी चूक धरायची म्हणून मला इथे ठेवलंय. दुसऱ्या कुणाचं काम असतं ना, तर ती शिडी मी लाथेने उडवून मागे गेले असते. तुझं होतं म्हणून नाही गेले. माझा पोरगा कशाला चुकेल, असं वाटलं मला. तुला मारलंच होतं मी आज.”

धाकटा रडायला लागला. ती त्याच्याजवळ गेली नाही.

“बरं, आता तो पुन्हा जोडेल,” साहेब चाचरत म्हणाले. “तपासायला कोणाला सांगू?”

“कुणालाही सांगा,” वहिनी म्हणाली. खिशातला शिक्का काढून तिने त्यांच्या हातात दिला. “फक्त त्याची याच्यावर माया नको.”