रुद्रप्पाचं मनगट

होटगी जंक्शनवर खटका ओढून रुळांचे सांधे बदलण्यात रुद्रप्पाची नोकरीची सारी वर्षं गेली. निवृत्तीनंतरही त्याची एका गोष्टीवर ठाम श्रद्धा होती: चाक कुठलंही असो, ते मनगटाचं ऐकतं.

यंदा गड्ड्याच्या जत्रेत त्याला आकड्यांचं चाक दिसलं. चिठ्ठी घ्यायची, चाक फिरवायचं, काट्यासमोर थांबेल त्या आकड्याचं बक्षीस.

"हलक्या हातानं बारके आकडे, जोरात थोरले," त्यानं बायकोला, मायाक्काला समजावलं. "कुकर सातावर हाय. म्हंजे मध्यम हात."

मध्यम हातानं कंगवा आला. मग साबण. मग पुन्हा कंगवा.

"वारं आडवं आलं," रुद्रप्पा म्हणाला.

"आन् त्याच्या आदी?" मायाक्कानं विचारलं.

"तू मदीच बोललीस की!"

पुन्हा त्यानं चाकाला हात घातला, तोच शेजारच्या कढईतल्या मिरच्यांचा खकाणा नाकात शिरला. सणसणीत शिंक आली, हात सटकला, चाक गरगरलं आणि सातावर थांबलं.

"बगितलंस मनगट?" नाक पुसत रुद्रप्पा ओरडला.

मायाक्कानं आधी कुकर ताब्यात घेतला.

भोवती गर्दी जमली. "काका, आमचंबी फिरवा की!" रुद्रप्पानं बाह्या सरसावल्या. टेबलफॅन मागणाऱ्याला कंगवा मिळाला, डिनरसेट मागणाऱ्या पिंकी नावाच्या पोरीला साबण.

"काका, मगाशी तुमी शिंकला हुता," पिंकी म्हणाली. "तसं शिंका की."

"शिंकेचा काय संबंद? कसब मनगटाचं हाय!"

पण ऐकतंय कोण? कुणीतरी तपकीर आणली. नाइलाजानं रुद्रप्पानं चिमूट ओढली, शिंकला, चाक फिरलं. कंगवा.

"ही ओढूनताणून आणलेली शिंक," एक म्हातारा ठामपणे म्हणाला. "आतनं याय पायजे."

मग जो तो तपकीर ओढून शिंकू लागला. साऱ्या रांगेत फटाफट शिंका, आणि चिठ्ठ्या धडाधड खपत होत्या. रुद्रप्पाला वाईट वाटलं. इतकी वर्षं कमावलेली विद्या, आणि लोक नाकाच्या मागं लागले.

"उद्या येणार न्हाय मी," वाटेत तो मायाक्काला म्हणाला.

"नका येऊ."

"पर लोकांना खरं कोण सांगनार?"

दुसऱ्या दिवशी तो गेलाच. चाकवाल्या प्रभूनं त्याच्यासाठी स्टूल मांडून ठेवलं होतं, वर उशी, हातात गरम चहा. "बसा काका. तुमी हाय म्हनून गिऱ्हाईक हाय."

"शेवटी गुनाची कदर झाली," रुद्रप्पा मनाशी म्हणाला, आणि मनगट मोकळं करत ऐटीत स्टुलावर बसला.